डाव्या हाताच्या टाइला

प्रिय बालिंट,

तिकडे परदेशात, लिंत्स शहरात लोकांच्या न्हाणीघरांना कारखान्यातल्या गुळगुळीत टाइला चिकटवताना घरची आठवण येते की नाही, देव जाणे. इकडे हिम पडू लागलं. कोबी पिंपात खारवून ठेवला, डुक्कर अजून कापायचं आहे. अप्पांची नजर पार अधू झाली, जीभ मात्र शाबूत आहे. मध्यंतरी पाद्रीबाबांना म्हणाले, "तुमच्या प्रवचनापेक्षा माझी चूल जास्त ऊब देते."

खोली उबवणाऱ्या त्या टाइलांच्या उंच चुलीबद्दलच लिहायचं आहे. आपला भाऊ गेल्यापासून अप्पांसाठी, टाइला त्याने घडवलेल्या म्हणून, ती चूल म्हणजेच आरोन, हे तू पाहूनच गेलास. पुढे ते वाढत गेलं. संध्याकाळी जाळ उतरून टाइला निवताना कटकट वाजल्या की मान वर करायचे. "आला बघ," म्हणायचे. मग चुलीला पाठ टेकून त्याच्याशी गावभरच्या गप्पा. मला आधी हसू यायचं, मग राग. आणि खोटं कशाला बोलू, अलीकडे आवाज झाला की मीही दाराकडे बघायची. पुढची झिलई गिऱ्हाइकाची, मागची बोटं आपली. माती साच्यात दाबताना उमटलेले ठसे पुसायचे नाहीत, ही आपल्या घरातली पणजोबांपासूनची रीत. टाइलांच्या मागे, धुराच्या अंगाला, आरोनची बोटं अजून आहेत, यावरच अप्पा जगत होते.

या वर्षी चुलीचे सांधे उलले आणि धूर घरात येऊ लागला. एका सकाळी अप्पा बाकावर निपचित पडलेले सापडले. ओढत अंगणात आणलं तेव्हा कुठे श्वास आला. शुद्धीवर येऊन पहिलं वाक्य काय, तर "चुलीला हात लावशील तर याद राख!" मीही त्यांचीच मुलगी. म्हटलं, "तुम्ही गेलात तर मी तिथे कोंबड्या बसवीन." शेवटी चूल उकलून पुन्हा रचायला एका अटीवर कबूल झाले. निघेल ती प्रत्येक टाइल आधी त्यांच्या हातात द्यायची.

मी काजळी पुसून एकेक देत गेले, ते मागून चाचपत गेले. तिसऱ्या-चौथ्या टाइलला त्यांचा हात थांबला. "इल्के, ही बोटं कुठल्या बाजूला ओढलीत, बघ." बघितलं. सगळ्याच टाइलांवर ठसे उलट्या बाजूने गेलेले. डावखुऱ्याचे. आपल्या घरात डावखुरा एकच. "डाव्या हाताची माती भट्टीत फुटते" म्हणून ज्याला अप्पा साच्याजवळ फिरकू देत नसत, तो म्हणजे तू. त्यातली एकही फुटलेली नव्हती, बालिंट.

मग मला उमजलं. या टाइला घडत होत्या त्या शरदात आरोन रोज पलीकडच्या गावात नाचायला पळायचा, आणि तू लाकडं फोडायला म्हणून मागच्या छपरात, त्याच्या साच्यांपाशी जायचास. थंडीत तो नदीच्या बर्फाखाली गेला. थडग्याशी अप्पा म्हणाले, "माझ्या घराचे हात मातीत गेले." तू शेजारीच उभा होतास. एक शब्द बोलला असतास तरी पुरे होतं. बोलला नाहीस, त्यांना त्यांचा आरोन राहू दिलास, आणि वसंतात पिशवी उचलून निघून गेलास. मला तुझा भयंकर राग आला, आणि रडूही तितकंच आलं.

अप्पांनी टाइल मांडीवर घेतली. मग म्हणाले, "मग एवढी वर्षं मी बोलत कुणाशी होतो?" मी म्हटलं, "बालिंटशी." चूल आम्ही पुन्हा रचली, पण मधोमध एक जागा त्यांनी रिकामी ठेवायला लावली. स्वतः माती मळून ओल्या फडक्यात गुंडाळली, साचा शेजारी ठेवला. "ही बालिंट दाबेल. डाव्या हाताने. तोवर काडी लावायची नाही." शेजारून लोखंडी शेगडी आणली, तर ती अंगणात ठेवायला लावली. मेंढीचा कोट घालून त्या भोकासमोर बसलेले असतात, खोकतात. चुलीतून आता आवाजही येत नाही. म्हणून लिहिते आहे. टाइल वाळायला, भाजायला किती वेळ जातो हे तुला सांगायला नको, लवकर ये. ते तुझी क्षमा मागणार नाहीत, तू ओळखतोसच त्यांना. फक्त माती तुझ्यापुढे सरकवतील.

तुझीच बहीण,
इल्का