भिंतीपलीकडची चंद्री

प्रिय दादा,

तर टीव्हीच्या मागं खोचलेली ती इंटरनेटची काडी मीच बिघडवली, हे तुझं अजून कायम आहे. फोनवर आपण नुसतं भांडतो आणि कोणतरी कट करतं, म्हणून लिहितोय. गुंडू गावाकडं निघालाय, त्याच्याजवळ देतो. अक्षर लावून घे.

काडी बिघडलेली न्हाय. काडीच्या कंपनीनं आता त्यांच्या ॲप-स्टोअरमधलं सोडून बाहेरचं ॲप चालवायचंच बंद केलंय. गोठ्यातल्या कॅमेऱ्याचं ॲप तुझ्या राजवीरनं पेनड्राईव्हवरनं घातलं होतं, ते गेलं. परत घालायला गेलं की धोका आहे म्हणतंय. आबांनी आपलीच म्हैस बघण्यात कसला धोका, कोण जाणे. त्या जागी आता टीव्ही लावला की जाहिरात. आई सांगत होती, पळायच्या बुटांची येते, घरभर आवाज करत. लकवा मारलेला माणूस कॉटवर पडून ते बघतो.

चंद्री टीव्हीवर दिसत होती तोवर बरं चाललं होतं की. वाचा गेली तरी तिची बादली रिकामी दिसली की आबा चांगल्या हातानं कॉट बडवायचे. वहिनी आबांना हसायच्या, मामा पडल्या पडल्या मुकादमी करतात म्हणायच्या. ती वैरणीला तोंड लावायची तेव्हाच ते घास घ्यायचे. आता तोंड मिटून घेतात म्हणे. आई फोनवर रडते, मी हूं म्हणतो. इथं कोइमतूरला सोनं गाळायच्या भट्टीपुढं बसून ॲसिडच्या धुरानं मला वास कळायचा बंद झालाय. बाकीचंही तसंच काहीतरी झालंय. हेही दुकान सोडावं वाटतं, पण सोडून जाऊ कुठं.

माझ्या मोबाईलवर मात्र गोठा अजून दिसतो, हे तुझ्या ध्यानात आलं नसेल. सोमवारी जेवताना बघत होतो. तू म्हशीच्या व्यापाऱ्याला घेऊन आत आलास. त्यानं चंद्रीचे दात बघितले, कासेला हात लावला, आणि मग तुम्ही दोघांनी रुमालाखाली हातात हात घातले. भाव कळला नाही, सौदा कळला. आबांना दिसत असतं तर तू त्याला दारातनंच परत लावलं असतंस. मला राग यायला पाहिजे होता. मी पुढचा घास खाल्ला. वैरण, धारा, आबांचं सगळं तुझ्यावर पडलंय, हे मला कळतं. तरी त्याचा इसार त्याला परत दे आणि नाही म्हणून सांग. आबांची कॉट ज्या भिंतीला आहे, तिच्या पलीकडंच चंद्रीची दावण आहे. घर बांधताना वास नको म्हणून तिथं आपण खिडकी ठेवली नाही. बिद्रीचा गवंडी बोलाव आणि पडल्या पडल्या दिसेल एवढ्या उंचीवर ती भिंत फोड. वहिनी नाकाला पदर लावतील, लावू देत. इसार, गवंडी, चौकट, आणि उरलं तर पेंडीचं पोतं.

तुझाच,
विज्या

सोबत पाकिटात रोख, मोजून घे: अठरा हजार रुपये.