जमादाराचा खोकला

आई,

गेल्या महिन्यात येरमाळ्याच्या एसटी थांब्यावर मला चेअरमनांची सून भेटली. आपल्या गावच्या दूध सोसायटीच्या चेअरमनांची थोरली सून. तीच, जी त्या कोरड्या वर्षांत दिवेलागणीला कुत्र्यासारखी भुंकायची आणि जिच्या भुंकण्याचे उत्तरदायित्व गावाने सर्वानुमते आपल्या घरावर सोपवले होते. आता ती देवीच्या प्रसादाची पिशवी सांभाळत बसची वाट पाहणारी वयोवृद्ध, सुप्रतिष्ठित गृहिणी आहे. तिने मला नाकावरून ओळखले. नाक तुझे आहे. तुझी ती एकमेव स्थावर मालमत्ता माझ्या वाट्याला आली. तिने जे सांगितले ते तुझ्या कानी घालणे हे माझे परम कर्तव्य होय. अडचण एवढीच की तुझे कान आता उपलब्ध नाहीत. तरी लिहिते.

आपले घर म्हणजे निजामाच्या अमदानीतला करोडगिरी नाका, हे हल्ली कुणाला सांगितले की आधी करोडगिरी म्हणजे काय ते सांगावे लागते. बार्शीकडून संस्थानात येणाऱ्या मालावर जकात घेणारी ती दगडी चौकी. आजोबा तिथे शिपाई होते. संस्थान गेले, जकात गेली, साहेब गेले. आजोबांना 'तुम्हीही जा' असे सांगायला कुणी उरले नाही म्हणून ते राहिले, आणि त्यांच्या पश्चात तुम्ही दोघी बहिणी राहिलात. मावशीचा नवरा वारलेला, माझ्या तीर्थरूपांनी तुला टाकलेली. अर्थात एक विधवा, एक परित्यक्ता, एक शाळकरी कन्या आणि एक म्हैस असे ते आपले सार्वभौम स्त्रीराज्य होते, गावापासून दूर, दाराला धड कडी नसलेले. अशा राज्याला संरक्षण खाते लागते. ते तू एकटीने चालवलेस.

नाक्याचा जमादार पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत तिथेच मारला गेला आणि अजून तिथेच वावरतो, अशी वदंता गावात आधीपासून होती. वास्तविक तो जमादार सहीसलामत बिदरला लेकीकडे गेला आणि यथावकाश वार्धक्याने निवर्तला, असे आजोबा सांगत. परंतु अंथरुणावर सुखाने मेलेल्या जमादाराचा कुंपण म्हणून काडीइतका उपयोग नव्हता. तू त्याला पुनश्च सेवेत रुजू करून घेतलेस. सांजवेळी रस्त्यावर कुणी गडी विनाकारण रेंगाळताना दिसला की रिकाम्या घागरीत तोंड घालून तू खोकायचीस. घसा खरवडत वर येणारा, तंबाखूने पिकलेला, शेवटी शिवी गिळल्यासारखा तुटणारा खोकला. रेंगाळणारी पावले तत्काळ गावाची वाट धरत. मावशी चुलीपुढून म्हणायची, "बास कर गं, एखादा मरंल भेऊन."

"मरू दे की अक्का. जमादाराला तेवढीच सोबत."

आणि मावशी तोंडाला पदर लावून हसायची. तिचे दात मोठे, शुभ्र, किंचित पुढे आलेले होते. तिला त्यांचा संकोच वाटे. तू तलाठ्याची नक्कल करायचीस, कंडक्टरची करायचीस, दुधाची फॅट मोजताना एक डोळा मिटणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीची करायचीस, आणि प्रत्येक नकलेचे यश तू एकाच मापाने मोजायचीस: अक्काच्या तोंडावरून पदर सुटला की नाही.

मग पावसाने सलग पाठ फिरवली. विहिरींचे तळ दिसू लागले, टँकरची वाट पाहणे हा गावाचा मुख्य व्यवसाय झाला, आणि आपल्या परसातल्या आडाला मात्र पाणी होते. त्यात चमत्कार कोणताच नव्हता. भुताचा आड म्हणून गाव त्याला शिवत नव्हते. तीन मनुष्यप्राणी आणि एक म्हैस मिळून कितीसे उपसणार? म्हैस पाणी पीत होती म्हणून दूध देत होती. पण डेअरीवर चरव्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांना हे कारण अतिशय सामान्य वाटले. "आमच्या म्हशींच्या सडातलं ह्यांच्या चरवीत उतरतंय, दुसरं काय!" असे माझ्या देखत, मला ऐकू यावे इतक्या खासगी आवाजात, बोलले जाऊ लागले.

मावशीने विषय काढला तेव्हा तू भाकरी थापत होतीस.

"आड मोकळा कर. लेकरं घसा वाळवून बसल्यात गावात."

"अन् पान्याच्या नावानं उद्या कोन कोन परसात येऊन हुभं ऱ्हाईल, त्यांची बी नावं सांगू का तुला?"

"मग जमादाराला सुट्टी दे पाऊस पडस्तोवर."

"एकदा सुट्टीवर गेलेला जमादार परत रुजू हुतोय व्हय, अक्का?"

दोघी हसलात. निर्णय, सहकार क्षेत्रातल्या बहुतेक निर्णयांप्रमाणे, पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. तुला भय कशाचे होते ते मला आज कळते. भूत खोटे आहे हे एकदा सांगितले की त्या दाराला कडी नाही हेही सांगितल्यासारखेच होते.

पुढची बैठक झाली नाही. चेअरमनांची सून भुंकू लागली. आपल्या भागात त्याला भानामती म्हणतात: लुगडी आपोआप पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात, बायका घुमतात. त्यावरचा उपायही सर्वश्रुत होता. करणाऱ्या बाईचे पुढचे दात काढायचे. दंतहीन मुखातून मंत्र शुद्ध उमटत नाही आणि अशुद्ध मंत्र फळत नाही, असे ते शास्त्र. पुढे मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असलेल्या मुखांतून जे उच्चार मी ऐकले, त्यांवरून सांगते, त्या शास्त्रानुसार माझ्या वर्गातून कुणाचे केसभरही वाईट होणे शक्य नव्हते. हा विनोद मी दरवर्षी करायचे. वर्ग हसायचा. मी फळ्याकडे वळायचे.

ते आले तेव्हा उन्हे चांगली वर आली होती. चेअरमन, देवऋषी आणि मागे चारदोन गडी. मी उंबऱ्यात बसले आहे, मावशी म्हशीला पाणी दाखवते आहे, तू दारात. चेअरमन नम्र आहेत. सर्वसाधारण सभेत असतात तितके.

"बाई, देवऋषीनं हेच घर दावलंय. दोगीतली कोन, तेवढं सांगा. आमाला दोगीला तरास द्यायचा न्हाय."

तू हसतेस. आई, तू खरोखर हसतेस. तुला वाटते, आता लपवण्यात अर्थ नाही, सत्य सांगून टाकावे आणि सुटावे. "आवो कसलं भूत अन् कसली भानामती? त्यो जमादार म्हंजी मीच की. दोगी बाया एकल्या ऱ्हातो, म्हनून भ्या दाखवीत हुते. थांबा, दावते." तू घागर आणतेस. भर उन्हात, सगळ्यांच्या पुढे, घागरीत तोंड घालतेस आणि खोकतेस.

तुझ्या कारकिर्दीतली ती सर्वोत्कृष्ट नक्कल होती. कुणी हसले नाही. देवऋषी, ज्याचा भुतांशी नित्याचा व्यवहार, तो दोन पावले मागे सरला. एक गडी म्हणाला, "आयला, बोलतोय की हिच्या तोंडातनं!" तू घागरीतून डोके वर काढलेस. चेहऱ्यावर अजून नकलेनंतरचे ते अर्धे हसू होते, दाद मागणारे. ते हसू कुठे ठेवावे हे तुला कळेना.

तेव्हा मावशीने बादली खाली ठेवली. शांतपणे पुढे आली, तुझ्या आणि चेअरमनांच्या मध्ये उभी राहिली. "तिला काय इचारता? तिच्या तोंडून मीच बोलवतीया. माजं काढा."

पुढचे मी पाहिले नाही. तू माझे तोंड तुझ्या पोटाशी दाबून धरलेस. लुगड्याला पिठाचा आणि राखेचा वास होता. मावशीचा आवाज मी ऐकला नाही. तिने तो काढलाच नाही.

त्याच दुपारी आडावर घागरींची रांग लागली. करणी तुटली होती, आता पाणी पिण्यास योग्य ठरले होते. सून भुंकायची थांबली. देवऋषीची कीर्ती पार कळंबपर्यंत गेली. आणि मावशी, तोंडात फडक्याचा बोळा, परसातल्या दगडावर बसून पोहरा कुठे अडकतो ते हाताच्या खुणेने बायकांना दाखवत होती. तिला आड मोकळा करायचा होता. तो झाला.

त्यानंतर तू नक्कल केली नाहीस. कुणाचीच. घरातल्या हास्य विभागाचा प्रभार क्रमाने माझ्याकडे आला आणि मी तो संस्कृतप्रचुर भाषेत, यथाशक्ती सांभाळला. मावशी आता हसताना पदर लावत नसे, कारण हसत नसे. तुम्ही दोघी त्या दिवसाविषयी एक अक्षर बोलला नाहीत. मावशीची भाकरी तू दुधात भिजवून द्यायचीस, ती खाऊन व्हायची, ताट उचलले जायचे. मग तुझ्या छातीचा विकार. धाराशिवच्या दवाखान्यात तुला खरा खोकला यायचा, तेव्हा मावशी खोलीत असली की तू पदराचा गोळा तोंडात कोंबायचीस, डोळे लाल होईपर्यंत. तिला तो आवाज ऐकू जाऊ नये म्हणून. एकदा ती चहा आणायला गेली असताना तू मला म्हणालीस, "माज्या खोकल्यानं अक्काचं दात गेलं." मी काहीतरी भारदस्त सांत्वन केले. तू भिंतीकडे तोंड केलेस. तेच वाक्य घेऊन तू गेलीस.

आता येरमाळा. बस लागलेली नव्हती. सून माझ्या शेजारी बाकावर बसली आणि बराच वेळ पिशवीची गाठ सोडत-बांधत राहिली. मग म्हणाली, "त्या दिशी सकाळीच मामंजींनी पक्कड दिली माज्या हातात. म्हनले, ऊन पान्यानं धू. म्या धुतली. पानी वाया घालवलं म्हनून सासू बोलली मला."

"सकाळीच?"

"व्हय. देवऋषीला आदीच सांगून ठिवलं हुतं, कुटलं घर दावायचं ते. आड पायजे हुता त्यास्नी."

"अन् तुमचं ते भुंकणं?"

तिने पिशवीची गाठ आवळली. "पान्याच्या खेपा घालून घालून पोटातलं पडलं माजं. दुसऱ्या दिशी परत घागर दिली डोक्यावर. मग काय झालं मलाबी ठावं न्हाय, बाई. पर भुंकाया लागले, तवापासनं कुनी पान्याला धाडलं न्हाय."

तिची बस आली. तिने माझ्या हातावर प्रसादाचा पेढा ठेवला. मी तो खाल्ला, हेही नमूद करते.

तर आई, एवढेच सांगायचे होते. चर्चेला येणारी माणसे धुतलेली पक्कड घेऊन येत नाहीत. तू खोकलीस तेव्हा ती चेअरमनांच्या खिशात होती. तू रडली असतीस, पाया पडली असतीस, मुकी राहिली असतीस, तरी ती बाहेर निघणारच होती. तुझ्या खोकल्याने काही झाले नाही.

घरी येऊन मी हे मावशीला सांगितले. ती माझ्याकडेच असते. तिच्या वयाच्या कुणालाच आता दात नाहीत, त्यामुळे ती चारचौघींसारखी दिसते. काळाने केलेला न्याय म्हणायचा तर एवढाच. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "ठावं हाय की. खिशातनं दांडी दिसत हुती. म्हनून तर म्होरं झाले."

"मग आईला का नाही सांगितलंस कधी?"

"तिला दिसली न्हाय व्हय? तिच्या तर म्होरंच उभा हुता त्यो." ती खरोखर चकित झाली होती. "म्या म्हनलं, तिला ठावं हाय." मग म्हणाली, "दवाखान्यात तोंडात पदर कोंबायची, तवा मला वाटायचं, रगत लपिवतीया."

एका छपराखाली, एका चुलीपुढे, इतकी वर्षे. मी उठले, खिडकी उगाच उघडली, परत लावली. मावशी माझ्याकडे बघत होती. "का गं? काय म्हनत हुती का ती? त्या दिसाचं?"

हे पत्र कुठे पाठवायचे नाही, आणि घरात मोठ्याने वाचायचेही नाही. मावशीचे कान अजून शाबूत आहेत. तुझ्या अक्काला मी काय उत्तर दिले तेवढे तुला सांगते आणि थांबते. मी म्हणाले, "न्हाय मावशी. काहीच म्हणाली नाही." तिने मान हलवली आणि पांघरूण ओढून घेतले.