हिचा रेशमी स्टोल

३ फेब्रुवारी, सोमवार
ही धाकट्या बहिणीकडे राहायला गेली आहे. थोडा बदल. माणसाला लागतो. मी उगाच फोन करून त्रास देत नाही. काल केला होता, पण साडूने उचलला आणि त्यांच्या गळक्या टाकीबद्दलच बोलत बसला.

आज हिचं कपाट उघडलं. कारण : कपड्यांना हवा लागावी. निळा रेशमी स्टोल दिसला. मुलीने पहिल्या पगारातून हिला घेतलेला. घडी बदलावी म्हणून जरा खांद्यावर घेऊन पाहिला. काढताना घड्याळाच्या पट्ट्यात अडकला. धागा बोटभर बाहेर आला आणि कापडावर आडवी चुणी पडली.

घड्याळाचा पट्टा निकृष्ट आहे. कंपनीला कळवणार.

संकल्प : स्टोल स्वतःच्या हाताने दुरुस्त करायचा. ही आली की बघून थक्क झाली पाहिजे. रविवारी येईल. तसं कुणी म्हणालेलं नाही, पण यायला रविवारच बरा.

४ फेब्रुवारी
ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ पाहिले. एकदम सोपं. धागा कापायचा नाही, बारीक सुईने मागच्या बाजूला ओढून घ्यायचा. बस्स. लोक याचे पैसे घेतात!

शेजारच्या टेबलावरच्या मॅडम डोकावल्या. वहिनी नाहीत का घरी, म्हणाल्या. आहेत, म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

५ फेब्रुवारी
सुया आणल्या. दुकानदाराने नंबर विचारला. सगळ्यात बारीक, असं ठणकावून सांगितलं. घरी आल्यावर सुई ओवता आली नाही. हल्ली सुयांना भोकं नीट पाडत नाहीत.

६ फेब्रुवारी
सुई ओवली. आधी स्वतःच्या पायजम्यावर प्रयोग केला. पायजम्याला भोक पडलं. पण पायजमा काही नाजूक कापड नव्हे, त्यामुळे प्रयोग धरलेला नाही.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ
ऑपरेशन यशस्वी. धागा मागे गेला.

त्याच्या शेजारचा बाहेर आला.

मुलीला फोन केला. सहज विचारलं, समजा, एखाद्या रेशमी कापडाचा एखादा धागा निघाला, तर? तिने थेट विचारलं, "बाबा, आईच्या कपाटाला हात लावलात का?" मुळीच नाही, म्हणालो. नंतर म्हणाली, "जेवता ना नीट?" आणि वर, "आईशी एकदा बोला हो. कपड्यांबद्दल नाही. नुसतं बोला." या मुलीला लहानपणापासून मुद्द्याला धरून बोलता येत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
आज ही आली नाही. रविवारी रस्त्यांवर गर्दी फार असते. आलीच नाही ते बरं झालं, काम अर्धवट होतं.

दिवसभर खिडकीत बसलो. उजेडासाठी. खाली टॅक्सी थांबली की आवाज होतो, आणि आवाज झाला की माणूस बघतोच.

ओढाओढ बंद केली. चुणीच्या दोन्ही बाजूंनी कापड चिमटीत धरून जरा जरा ताणत गेलो. धागा केसभर सरकतो. मग पुन्हा. दुपारपर्यंत एक धागा जागेवर बसला. मला वाटतं, मी जेवलो नाही.

ही याच खुर्चीत बसून माझ्या शर्टांची बटणं लावायची. लावताना बोलत असायची. मी पेपर वाचता वाचता ऐकायचो. दोन्ही एकदम जमायचं मला. काय बोलायची ते आठवत नाही, आवाज आठवतो.

११ फेब्रुवारी
दुसरा धागाही बसला. पातळ फडकं ठेवून हलकी इस्त्री फिरवली. उजेडात धरून पाहिलं. कुठे निघाला होता, ते मलाच सापडेना. खरंच सापडेना. अर्धा तास शोधत होतो.

कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. शेजारच्यांचं दार बंद होतं.

१२ फेब्रुवारी
हिचा फोन! स्वतःहून! शनिवारी येतेय, घरी असाल का, म्हणाली. बघतो, म्हणालो. आपण अगदी वाटच बघत बसलोय असं दिसू नये. फोन ठेवायच्या आधी असेन असेन असं तीन-चारदा म्हणालो, ते वेगळं.

मला माहीतच होतं. बदलाचाही कंटाळा येतो माणसाला.

योजना : स्टोल खुर्चीच्या पाठीवर ठेवायचा. आपण चकार शब्द काढायचा नाही. तिचं तिलाच दिसेल. मग ती विचारेल. मग सांगायचं.

१४ फेब्रुवारी
पडदे धुतले. उशांचे अभ्रे बदलले. दोन्ही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
आली. बरोबर साडू, आणि साडूच्या हातात रिकामी खोकी.

हिने पुस्तकं घेतली, गरम कपडे घेतले, कपाट रिकामं केलं. मी खोकी धरत होतो. साडू म्हणाला, टाकी अजून गळतेच आहे. चहा करतो म्हणालो, तर ही म्हणाली, "राहू द्या हो, खाली गाडी चुकीच्या जागी लावलीय."

शेवटी मिक्सर काढला. मग इकडेतिकडे बघितलं आणि खुर्चीवरचा स्टोल उचलला. उलगडला. खिडकीकडे तोंड करून धरला. मी श्वास रोखून उभा.

"हा लागतोय का तुम्हाला?" म्हणाली.

नाही, म्हणालो, तुझाच आहे.

तिने तो मिक्सरच्या काचेच्या भांड्याभोवती घट्ट गुंडाळला आणि खोक्यात ठेवला. फुटायला नको, म्हणाली. मी म्हणालो, हो, जपून.

दारात तिने घराची किल्ली पुढे केली. असू दे, लागेल कधी, म्हणालो. तिने ती बुटांच्या कपाटावर ठेवली. तब्येतीला जपा, म्हणाली. आणि खरंच तसं वाटून म्हणाली.

स्टोल तिने चांगला उजेडात धरला होता, आणि तिला काहीही दिसलं नाही. काम इतकं चोख झालं होतं.

हे तिला सांगायला हवं होतं. धावत खाली गेलो. गाडी कोपऱ्यावरून वळत होती. साडू गाडी फार जोरात चालवतो. भांडं फुटायला नको.