उणी वीज

४ मे
रायपूरला पोचले! स्टेशनवर पूर्णिमादीदी घ्यायला आली होती. कॉलेजात ती माझी सीनियर. ही नोकरी तिनेच लावून दिली, समता कॉलोनीतल्या आपल्या घरात खोलीही दिली. दुपारी भनपुरीचा कारखाना पाहिला. पाणी गाळायच्या मातीच्या कँडल बनतात इथे. ओली कँडल आधी विजेच्या हीटरच्या गरम हवेत वाळते. बारीक छिद्रांत अडकलेलं पाणी मग मायक्रोवेव्ह काढतो. इतक्या कमी विजेत वाळवणारा ड्रायर आसपास नाही म्हणे. दीदीने त्याला हळदकुंकू वाहिलं, माझा हात त्यावर ठेवला आणि पेढा भरवला. आजपासून ड्रायरचा चार्ज माझा!

९ मे
काहीतरी चुकतंय. पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागतेच लागते, त्याहूनही कमी वीज जळतेय. मीटर बदलला, कँडल पुन्हा तोलल्या. तेच. मग उरलेली उष्णता येते कुठून? दीदी हसली. म्हणाली, मशीन चांगली आहे तं तुले काहून त्रास?

१४ मे
बाहेर लूचे तापलेले वारे, आणि मी स्वेटरमध्ये. क्लिनिकच्या डॉक्टरांनी थर्मामीटर खराब समजून दुसरा मागवला. सुटीच्या दिवशी मात्र बरं वाटतं. दीदी रोज सकाळी मायेने कपाळाला हात लावून बघते.

१६ मे
नवा रायपूरला मीटिंग. भर उन्हात बसची वाट बघताना एकदम दात वाजू लागले. कारखान्यात फोन केला. ऑपरेटर अर्जुनभैया म्हणाले, हव, ड्रायर आत्ताच चालू केला.

१९ मे
दीदीला विचारलं. आधी रडली. मग बोलली. चार्ज ज्याच्याकडे, त्याच्या अंगातली ऊब ड्रायर ओढतो. नोकरी सोडली तरी सोडत नाही, दुसऱ्याने चार्ज घेईपर्यंत. दोन उन्हाळे ती गोठत होती. ओढणीने गळा पुसत म्हणाली, "आता मले घाम येऊन राहिला, गंधाली."
म्हणजे ते कपाळाला हात लावणं— माया नव्हती. खात्री करत होती.

२० मे
मी कोणालाच चार्ज देणार नाही. तारा तोडायला निघाले. जिन्यातच गुडघे वळेनात—

२१ मे
दीदीने यामिनीला बोलावलं. माझ्या धाकट्या बहिणीला. स्टेशनवरून सरळ भनपुरीला नेलं. मेसेज आला: तुयासाठीच केलं मी.
दोघी फोन उचलत नाहीत. अर्जुनभैयाही नाही. रिक्षा बोलावलीय. तोवर बोटं हलती राहावीत म्हणून लिहि—
यामिनी, हात लावू नको. हात
बोटं सैल पडली. पाठीत ऊब— नको. नको, यामू—
कपाळावर घा