आठ नंबरच्या शेवटच्या वड्या

३ मार्च, सोमवार

माणूस गेल्यावर त्याचा वास घरात किती दिवस राहतो? मी रसायनशास्त्रातली पदवीधर, तीही फर्स्ट क्लास, घराण्यातली पहिलीच. तरी या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. पुस्तकांत शोधलं. बाष्पीभवनाचा वेग सापडला. खुंटीवरच्या कोटाबद्दल काही नव्हतं.

बाबांना जाऊन चार महिने झाले. आजपासून मी त्यांच्या जागेवर. म्हणजे अजून जागेवर नाही, ट्रायलवर. तंबाखूच्या कारखान्यात बाबा तीस वर्षं मिश्रण करत. त्यांचा आठ नंबर म्हणजे पाइपात ओढायचा फ्लेक. पानांना फ्लेवर लावायचा, थर प्रेसमध्ये दाबून वडी करायची, ती मुरू द्यायची, मग तिचे पातळ काप करायचे. फ्लेवर अगदी हलका. संत्र्याची साल आणि कणभर मध. जाण्याच्या आठवडाभर आधी बाबांनी शेवटच्या एकवीस वड्या दाबल्या. त्या आता मुरल्यात.

मालक म्हणाले, ओढून बघ, शंभरापैकी मार्क दे, सही कर. साठच्या वर गेल्या तर बाबांच्या डब्यांत भरू. नाहीतर जाड चुऱ्यात मिसळून सुट्या विकू. वीस तारखेपर्यंत सांग. काम पटलं तर परीक्षकाची जागा तुझी. एवढं बोलताना ते चारदा शिंकले. त्यांना बारमाही सर्दी आहे, म्हणून तर परीक्षक लागतो.

साठच्या खाली जायचा प्रश्नच नाही. तरी मी संपूर्ण निष्पक्ष राहणार आहे. बाबांचं नाक माझ्याकडे आलंय असं सगळे लहानपणापासून म्हणतात. (दिसायला, असं म्हणतात. पण आतली रचनाही तीच असणार.) बाबांकडे अनुभव होता, माझ्याकडे पद्धत आहे. आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवते. धूम्रपान वाईटच. कॉलेजात त्याविरुद्ध भाषण करून मी कप मिळवलाय. हे धूम्रपान नाही, परीक्षण आहे.

प्रेसकाकांनी, म्हणजे बाबांबरोबर तीस वर्षं प्रेस चालवणाऱ्या काकांनी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक मातीचा पाइप पुढे केला. म्हणाले, बाळ, परीक्षण यात करतात. मी नम्रपणे नाही म्हटलं. घरी बाबांचा लाकडी पाइप आहे, ज्यात त्यांनी जन्मभर आठ नंबर ओढला. त्याहून योग्य उपकरण कोणतं? काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, बरं बाई, तू शिकलेली.

४ मार्च, मंगळवार, दुपारी चार

पहिलं परीक्षण. मागची खोली, बाबांची खुर्ची. काप हातावर चुरला, पाइप भरला. नऊ काड्या. उचकी. जीभ पोळली. चौथ्या झुरक्याला आलं. संत्रं! आणि मागून मध, अगदी दबक्या पावलांनी. डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे.

९३ मार्क. निष्पक्षपणासाठी दोन कापले. ९१.

पाइप विझता विझता पुढच्या खोलीत कुणीतरी खोकलं. एक लांब, एक आखूड, बाबा खोकायचे तसं. जाऊन पाहिलं. कुणी नाही. दारं जुनी झाली की आवाज करतात.

६ मार्च, गुरुवार

संत्रं पुन्हा आलं. मध थोडा लवकर. ९२.

आज आईने गडबड केली. धूर पुढच्या खोलीत गेला तशी ती भांडी टाकून, ओल्या हातांनीच दारात येऊन उभी राहिली. डोळे मिटलेले. मी काही विचारायच्या आत वळली, आरशासमोर गेली आणि केस विंचरू लागली. बाबा पाचला घरी यायचे आणि त्याआधी ती केस विंचरायची, हे मला आजवर कळलंच नव्हतं. मी विचारलं, आई, काय झालं? म्हणाली, कुठं काय, हात आपले चालले.

प्रयोगाचा दुष्परिणाम. नोंद केली. यापुढे घरात परीक्षण करायचं नाही.

८ मार्च, शनिवार

बाबांचा पाइप घेऊन कारखान्याच्या सज्जात बसले. पानं वेचणाऱ्या बायका खालून वर बघून हसत होत्या. एक म्हणाली, अगं बघा, साहेबीण आली. मी लक्ष दिलं नाही. कोणत्याही क्षेत्रात पहिल्या स्त्रीला हे सोसावं लागतं.

प्रेसकाका जाताना थबकले. हवेत नाक उंचावून म्हणाले, वास तर त्याचाच आहे. ‘त्याचाच’वर फार जोर दिला. एवढ्या जुन्या माणसाकडून एवढी दाद! ९४.

१० मार्च, सोमवार

परीक्षण पुन्हा घरी आणलं. सज्जात वारा असतो, डेटा बिघडतो. आईने साडेतीनलाच विचारलं, आज नाही का बसणार, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

आईने तीन कप चहा केला. तिसरा खुर्चीच्या हाताजवळ ठेवला, डाव्या बाजूला, बाबांचा असायचा तिथे. शेवटी मी तो प्यायले. चहा वाया घालवू नये.

खुर्ची मात्र मी बसले तेव्हा गरम होती. ऊन पडलं असणार. त्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे. ऊन कुठूनतरी परावर्तित झालं असणार.

खोकलाही ऐकू आला. दाराला तेल घातलं.

१२ मार्च, बुधवार

अहवाल तयार. अकरा पानं, दोन ग्राफ. सरासरी ९२.३. मालकांकडे नेला. म्हणाले, अर्धं पान पुरतं. मग विचारलं, मातीत ओढलास ना? मी पद्धतीचं कारण सांगायला लागले. त्यांनी रुमालातून बोट दाखवलं. परीक्षणाच्या खोलीत, दारामागे, एक पिवळा पुठ्ठा: ‘परीक्षण मातीच्याच पाइपात. लाकडातले मार्क धरणार नाही.’ मालक म्हणाले, तुझ्याच बाबांचा नियम आहे, मोडू कसा?

अक्षर माझं होतं. पाचवीतलं, ‘क्ष’ उलटा काढायचे तेव्हाचं. बाबांना लिहिता येत नव्हतं. ते सांगत गेले असतील, मी लिहून दिलं असेल. मला काही आठवत नाही.

दहा दिवस त्याच दारातून जातेय. दार नेहमी उघडं असतं, पुठ्ठा मागे जातो. हा मांडणीतला दोष आहे.

१३ मार्च, गुरुवार

मातीचा पाइप. तापला, ओठ भाजला. कडू, कोरडं पान. संत्रं नाही. मध नाही.

सकाळी कांदा खाल्ला होता. रिझल्ट रद्द.

१५ मार्च, शनिवार

कांदा नाही, चहा नाही, जीभ मिठाच्या पाण्याने धुतली. मातीत ओढलं. काही नाही. लगेच तोच काप बाबांच्या पाइपात भरला. संत्रं! निष्कर्ष: मातीचा पाइप सदोष.

प्रेसकाकांकडून आणखी दोन मागून आणले. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. तेही सदोष निघाले. तिन्हीच्या तिन्ही सदोष निघावेत हे शक्य आहे. संभव कमी, पण शक्य.

१६ मार्च, रविवार, दुपारी

आज एक साधी गोष्ट करायची होती, जी पहिल्या वर्षाच्या पोरांनाही सुचते. कारखान्यातून मूठभर जाड चुरा आणला होता. त्याला कसलाच फ्लेवर नसतो. तो बाबांच्या पाइपात भरला आणि पेटवला.

संत्रं आलं. मग मध, त्याच दबक्या पावलांनी.

पुढच्या खोलीत खोकला. आणि दारात आई. केस विंचरून.

तिला सांगितलं नाही की हा चुरा आहे. बराच वेळ पाइप विझू दिला नाही.

१७ मार्च, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत प्रेसकाकांना गाठलं. ते म्हणाले, अगं, लाकूड पितं. तीस वर्षं एकच तंबाखू ओढली की आतल्या काजळीत ती मुरून बसते. मग गवत भर, तोच वास देणार. जुने लोक म्हणायचे, पाइपाला भूत लागलंय. मातीचा पाइप आम्ही भट्टीत घालून पांढरा करतो, त्याला मागचं काही राहत नाही.

मग मी न विचारताच त्यांनी पुढचं सांगितलं. मागच्या वर्षीच्या त्या तापात बाबांचं नाक गेलं. वास येणं पार बंद. कुणाला बोलले नाहीत. आमच्याकडे रीत अशी, की फ्लेवर मिश्रणवाल्याने एकट्याने घालायचा, दार लावून, दुसऱ्याने आत डोकवायचं नाही. शेवटच्या वड्यांच्या दिवशी बाबा आत गेले, बाहेर आले, काकांना मान हलवली. काकांनी वड्या दाबल्या. संध्याकाळी आवराआवर करताना पाहिलं तर फ्लेवरच्या कॅनचं सील तसंच. बाबांनी दुसऱ्याच कॅनमधलं साधं पाणी शिंपडलं होतं. हुंगून कळणार कसं?

मी विचारलं, काका, तुम्ही सांगितलं का नाही? म्हणाले, काय सांगायचं? ज्याच्या नाकावर कारखाना चालला त्याला म्हणू, तुझं नाक गेलं? चार दिवसांनी सांगू, असं रोज म्हणायचो. मग तो अंथरुणाला खिळला. आणि मला म्हणाले, तुला तोंडाने सांगितलं असतं तर तू मला वैरी समजली असतीस. म्हणून माती दिली.

मी सुचवलं, अजून वेळ आहे, आता वरून थोडा फ्लेवर फवारला तर? ती फसवणूक नाही, दुरुस्ती. काकांनी डबा बंद केला. म्हणाले, दाबलेल्या वडीवर फ्लेवर म्हणजे प्रेताला अत्तर. आणि उठून गेले. भाकरी अर्धी तशीच.

१८ मार्च, मंगळवार

रात्री विचार करून मार्ग काढला. फ्लेवरला चाळीस मार्क आहेत, तिथे शून्य द्यावं लागेल. उरले साठ. पोत, ज्वलन, राख, सगळ्यांत पैकीच्या पैकी दिले तर साठ. आणि साठच्या ‘वर’ हवेत. सुबकपणा हा नवा रकाना घालून त्यात एक मार्क दिला. ६१. यात कोणतंही तत्त्व मोडत नाही. तत्त्वात एक रकाना वाढतो.

आईने विचारलं, किती झाले? म्हटलं, एकसष्ट, पास. तिने विचारलं, डब्यात सहीची चिठ्ठी घालणार ना? आठ नंबरच्या प्रत्येक डब्यात बाबांच्या सहीची छापील चिठ्ठी असते. ती सही मीच त्यांना शिकवली, सातवीच्या सुट्टीत. शेवटच्या अक्षराला ते कायम एक जास्तीची रेघ देत. म्हटलं, घालणार.

मग तिने विचारलं, संत्र्याचा वास येतो का गं त्यात? मी म्हटलं, येतो. हे खोटं नाही. आपल्या घरी येतोच.

आई म्हणाली, मग मला उगाच धास्ती वाटत होती. त्या तापानंतर त्यांच्या नाकासमोर दूध उतू जाऊन करपलं तरी त्यांना कळायचं नाही. मी खिडकी उघडायचे आणि गप्प बसायचे. त्यांना वाटायचं मला माहीत नाही, मला वाटायचं त्यांनी तसंच समजावं.

म्हणजे प्रेसकाकांना माहीत होतं. आईला माहीत होतं. घरातल्या एकुलत्या एक पदवीधराला माहीत नव्हतं. ती तेव्हा आतल्या खोलीत शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचा अभ्यास करत होती, आणि बाबा रोज दारात येऊन विचारायचे, अभ्यास कसा चाललाय? मी मान वर न करता म्हणायचे, चाललाय.

आज पाइप पेटवला नाही. खोकलाही आला नाही. मी दाराला कान लावून बसले होते, तेल घातलेल्या.

१९ मार्च, बुधवार

काकांना म्हटलं, माझं नाक तपासा. त्यांनी माझ्या डोळ्यांवर फडकं बांधलं आणि पाच प्रकारची पानं एकामागून एक नाकाशी धरली. एक ओळखलं. ते चुकून हाताला लागलं होतं म्हणून.

नाक आईवर गेलं असेल, म्हणाले. आईला दूध करपलेलं कळतं. आईवरही गेलेलं नाही.

२० मार्च, गुरुवार, दुपारी दोन

सकाळी दहाला पत्रक दिलं. सुबकपणाचा रकाना काढून टाकला. पोत १६, ज्वलन १४, राख ९, फ्लेवर शून्य. एकूण ३९. खाली सही, पूर्ण नावाने. पदवी लिहिली होती, ती खोडली.

मालकांनी वाचलं, शिंकले, म्हणाले, ठीक. मी म्हटलं, सर, ज्या नाकाला रिकामी वडी ओळखायला पंधरवडा लागला त्याला परीक्षकाची जागा देऊ नका. मग मी थोडं थांबले. अशा वेळी समोरचा माणूस, असं काय बोलतेस, म्हणून आग्रह करतो. मालक म्हणाले, बरं. आणि विचारलं, पानं वेचण्याच्या टेबलावर एक जागा आहे, चालेल? म्हटलं, चालेल. त्या बायका आता मला साहेबीणच म्हणतात. सकाळपासून मी दोन टोपल्या वेचल्या, त्यांनी सात सात.

आईला फोन केला. म्हटलं, एकोणचाळीस. डबे निघणार नाहीत. आणि परवा खोटं बोलले. पलीकडून नळाचा आवाज येत राहिला. मग नळ बंद झाला. ती म्हणाली, त्यांनीही एवढेच दिले असते, जास्त नाही.

वड्या फोडायचं काम प्रेसकाका करणार होते. मी त्यांना बाजूला बसवलं. एकवीसही वड्या माझ्या हातांनी फोडल्या, चुऱ्याच्या पेटीत टाकल्या आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळल्या. त्यातलं बाबांचं कुठलं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.