पांदणीवरचे रविवार

रविवार, ७ सप्टेंबर
गाडी सोळा लाख चाळीस हजार. चिखलाचे टायर वेगळे. पोरीचं, हर्षाचं, माझ्याशी बोलणं बंद झालं, ते कोणत्या बिलात लिहू? आणि एवढं सगळं कशासाठी? डांबरी रस्त्यापासून गोपिकाच्या माहेरापर्यंतच्या दोनेक किलोमीटर पांदणीसाठी! लोक पहाड चढायला घेतात अशी गाडी. मी शेतांमधल्या बैलगाडीच्या वाटेसाठी घेतली.

आज गेलो. चिखल अर्ध्या चाकापर्यंत. दोन्ही बाजूंनी बाभळी. काटा पत्र्यावर घासला की दात आंबतात. माझे कान तिखट. गिऱ्हाईक दुकानासमोर गाडी उभी करतं तेव्हाच कळतं — बेअरिंग गेलं की बुश. क्लीनर होतो तेव्हापासून कानांवरच पोट भरलं. नागपूरच्या नंदनवनातलं स्पेअर पार्टचं दुकानही त्यांनीच उभं केलं.

साळ्याच्या, चंपतच्या, घरासमोरून गाडी वळवली. उतरलो नाही. काही वाटलंही नाही.

रविवार, १४ सप्टेंबर
गेलो. आलो. डावं दार ओरबाडलं.

सोमवार, १५ सप्टेंबर
हर्षानं चहा ठेवला आणि बोलली एकदाची. "मामाले बोलवाल तर मी मांडवात येईन. नाही तर नाही."

गोपिका गेली, आता वर्षाच्या आत हर्षाचं लग्न उरकायचं म्हणून डिसेंबरातली तारीख धरली आहे. पोरीला मांडवात मामा आणतो. पहिली पत्रिका देवाला, दुसरी मामाला — आणि ती बापानं स्वतः उंबऱ्यावर नेऊन द्यायची.

"त्यानं आपल्या बहिणीले —" मी सुरू केलं.

"आईले मामानं नाही मारलं, बाबा."

मारलं नाही. खरं आहे. जुलैत ती माहेरी होती. संध्याकाळी छातीत दुखायला लागलं. मी नागपूरहून अँब्युलन्स घेऊन डांबरी रस्त्यावर पोचलो. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, आत नाही घालत. फसलो त मंग काहीच नाही." त्याचं चुकलं नाही. पूर्वी ह्या पांदणीतून दोन बैलगाड्या आजूबाजूनं जायच्या. मग दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी दर वर्षी नांगराचं एकेक तास, एकेक ओळ, पुढे घेतलं, बांध वाटेत सरकत आला. धुरा म्हणतात इकडे. सगळ्यांत लांब धुरा चंपतचा.

मी रस्त्यावर उभा. आधी चिखलात चपलांचा आवाज आला. मग चंपतचा — "सरका गा, सरका!" खाटेवर आणली. कन्हानच्या पुलाच्या अलीकडेच संपलं.

तेरवीला सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, "वीतभर मातीसाठी बहीण खाल्ली तू." तो मान खाली घालून बसला. तेव्हापासून मला काही होतच नाही. रडू नाही, राग नाही. जेवतो, झोपतो. रविवारी गाडी काढतो.

रविवार, ५ ऑक्टोबर
काटे फक्त उजव्या बाजूनं वाजले. तेही शेवटी शेवटी.

रविवार, १२ ऑक्टोबर
साहिल सोबत आला. दुकानाचं गिऱ्हाईक. सुट्टीच्या दिवशी जीपवाल्या पोरांच्या टोळीबरोबर जंगलात हिंडतो. रात्री पाऊस होऊन गेलेला. नजर चाकोरीवरून हलवायची नाही, हा माझा नियम. एका दमात पार! परत आल्यावर त्यानं गाडीभोवती चक्कर मारली.

"काका, एक ओरखडा नाही! आमचं त दर वेळी डेंटिंगचं काम निघते."

"हात बसावा लागते, बाबू."

त्यानं तिथूनच टोळीला फोन लावला. "अबे, काका गाडी पांदणीतून सुईत दोरा ओवल्यासारखी काढते!"

बरं वाटलं. जुलैनंतर पहिल्यांदा काहीतरी वाटलं. त्या दिवशी ही गाडी असती, आणि हा हात!

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज
दर वर्षी चंपतची मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी आली की ओळखायचो. इंजिनातलं टॅपेट वाजायचं. "आला तुझा भाऊ," मी म्हणायचो, आणि गोपिका ताट घ्यायला उठायची.

आज कान तिकडेच होते. काहून, कोण जाणे.

रविवार, २ नोव्हेंबर
पत्रिका छापून आल्या. एक खिशात घालून गेलो. घरासमोर इंजिन बंद केलं. चंपतची बायको रुख्मिणी दारात आली.

"या न भाऊजी, चहा ठेवते. हे धुऱ्यावर आहेत, बाभळी तोडून राहिले."

सरपण करत असेल, म्हटलं. "घाई आहे," म्हणालो. रविवारी कसली घाई! पत्रिका जशी नेली तशी परत आली. हर्षानं विचारलं नाही. खिशाकडे पाहिलं फक्त.

रविवार, ९ नोव्हेंबर
पांदणीच्या मध्यावर समोरून गावातल्या लहानूचा टेम्पो, छोटा हत्ती, आला. संत्र्यांनी भरलेला, कळमन्याच्या बाजाराला निघालेला. पांदणीचा कायदा आहे — भरल्या गाडीला रिकाम्यानं वाट द्यायची. मी रिव्हर्स टाकला.

लहानूनं खिडकीतून हात हलवला. "काहून मांगं जाता, भाऊ? निघते न गाडी!"

"कशी निघते?"

"पाहा त!"

आला आणि निघाला. आरसासुद्धा मिटावा लागला नाही. पांदणीत दोन गाड्या, एकमेकींच्या बाजूला!

उतरलो. ह्या वाटेवर इतक्या रविवारांत पहिल्यांदा पाय टेकवला. तोडलेल्या बाभळींचे बुंधे, ओळीनं. काही जुने, काही ताजे. आणि धुरा पार शेताच्या आत, चांगला पाच-सहा हात.

"चंपतभाऊनं घेतला न मांगं," लहानू म्हणाला. "पोळ्यापासून तेच करून राहिला, एकटाच. उभ्या पऱ्हाटीच्या ओळी उपटल्या, कापूस धरायच्या आधी, बाप्पा! आता पलीकडचेही सोडतो म्हणून राहिले. तुम्ही त दर आयतवारी येता. पाह्यलं नाही का?"

तो गेला. आवाज डांबरी रस्त्याला लागेपर्यंत ऐकत उभा राहिलो.

सोमवार, १० नोव्हेंबर
काल गाडी तिथंच ठेवून पुढे पायी गेलो. खिशातली पत्रिका उंबऱ्यावर दिली. चंपतनं ती दोन्ही हातांनी घेतली. म्हणाला, "भाऊजी, येताना लय तरास झाला असन न?"

नाही म्हटलं.

हात बसला नव्हता. वाट रुंद झाली होती.