शेजारची सीट

खुटबाव, ता. दौंड
मंगळवार, दुपार

प्रिय सरू,

एवढं लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि अंगणात एक फेरी मारून आलो. चौतीस वर्षांत मी तुला ‘अगं’, ‘ऐकलं का’ आणि पोरगी झाल्यावर ‘स्वप्नालीची आई’ एवढंच म्हणत आलो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सत्तावीस हंगाम कारकुनी केली, लिहिण्यातच जन्म गेला, पण तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. तू माहेरी तळेगावला जायचीस तीही चार दिवसांसाठी. चार दिवसांत कोण कुणाला पत्र लिहितं? आता लेकीकडं राहिलीस त्याला दीड महिना झाला. फोन होतो, नाही असं नाही. पण तो स्वप्नालीच्या हातात असतो, मध्येच आपला नातू स्वराज रडतो, तू ‘जेवला का’ विचारतेस, मी ‘जेवलो’ म्हणतो, आणि तेवढ्यात संपतं. म्हणून हा कागद.

इकडं सगळं बरं आहे. उसाच्या खोडव्याला पाणी सुरू आहे, लाईट दिवसाची मिळतेय. म्हशीनं मात्र पहिले आठ दिवस फार सतावलं. मी बसलो की पाय झाडायची, पान्हा सोडेना. शेवटी पलीकडच्या वस्तीवरची साळूबाई म्हणाली, “भाऊजी, वैनीचं जुनं लुगडं घ्या खांद्यावर. मुक्या जनावराला वास कळतो.” मी आधी हसलो. मग दुसऱ्या दिवशी, कुणी बघत नाही असं पाहून, तुझं ते जांभळं, विटलेलं पातळ दोरीवरून काढलं आणि डोक्यावरून घेऊन खाली बसलो. म्हशीनं मान वळवून हुंगलं आणि मुकाट दूध दिलं. आजही तसंच करतो. साळूबाईला सांगितलंय, गावात बोलू नको. ती बोललीच असणार.

गावात मी काय सांगितलंय ते तुलाही माहीत असावं. नातवाला दात येताहेत, लेकीला नोकरी आहे, म्हणून सरूबाई राहिली. सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच आहे. फक्त मला ते पटत नाही, कारण निघायच्या दिवशी दारात काय झालं ते तुला ठाऊक आहे आणि मला.

पण त्याआधीचं लिहितो. तिकिटं काढली तेव्हापासूनचं. जावई सूरजरावांची बदली सणसवाडीच्या कंपनीतून चंदीगडजवळ मोहालीला झाली आणि पोरगी एवढी लांब गेली, तेव्हापासून तू एकदाच म्हणाली होतीस, “बाळाला बघून यायला पायजे.” मी मनावर घेतलं. एका कागदावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला दौंडवरून अंबाल्याला जाणारी रेल्वे, दुसऱ्या बाजूला पुण्यावरून चंदीगडला जाणारं स्वस्तातलं विमान. रेल्वेला तीस तास, विमानाला अडीच. रेल्वेत सामान हवं तेवढं, विमानात माणशी पंधरा किलो आणि हातात सात. रेल्वेत घरची भाकरी उघडून चारचौघांत खाता येते, विमानात पाणीसुद्धा विकत. पण एसीचा डबा धरला तर रेल्वेचं तिकीट विमानाच्या जवळ जात होतं, आणि दोन महिने आधी काढलं तर विमान आणखी उतरत होतं. तुझे गुडघे दुखतात, तीस तास बसून सुजतील, हेही मी त्यात लिहिलं. मला वाटलं, बघा, किती विचार करतो मी. आज तो कागद कपाटात सापडला. त्यात तुझ्या गुडघ्यांचा रकाना आहे, तुझा नाही. तुला कशानं जायचंय हे मी विचारलंच नव्हतं.

सामान भरताना तेच. ताणकाटा आणून दोघांच्या पिशव्या टांगल्या, तर साडेतीन किलो जास्त. मी बसून एकेक वस्तू काढत गेलो. डिंकाचे लाडू राहू दिले, शेंगदाण्याची चटणी राहू दिली, बाळाची दुपटी राहू दिली. तुझी शाल काढली, तुझी दोन पातळं काढली, तेलाची बाटली काढली. दोन्ही पिशव्या बरोब्बर पंधरा-पंधरावर आल्या म्हणून मी खूश. काढलं ते सगळं तुझंच होतं, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. तू काही बोलली नाहीस. तू कधीच काही बोलत नाहीस, आणि मी त्याला होकार समजत आलो.

मग सीटचं. स्वप्नाली फोनवर म्हणाली, “आप्पा, शेजारी बसायचं असेल तर सीट आधी निवडावी लागते. त्याचे वेगळे पैसे पडतात. नाहीतर ते देतील तिथं बसावं लागेल.” फोन स्पीकरवर होता. मी म्हणालो, “अडीच तासांचा तर सवाल हाय. आन् ह्या वयात काय मांडीला मांडी लावून बसायचंय?” पोरगी हसली. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. तुझा हात थांबला, एवढं मी पाहिलं. मग पुन्हा थापायला लागलीस.

विमान तीन तास उशिरा सुटलं. स्वस्तातल्याचं असंच असतं म्हणे, बोलायची सोय नाही. मला सहाव्या रांगेत जागा आली, तुला चोविसाव्या. तू आत शिरताना एकदा मागं वळून पाहिलंस. मी हातानंच ‘जा पुढं’ म्हणालो. पट्टा बांधला आणि झोपलो. खरंच झोपलो. उतरल्यावर पुढच्या दारानं पहिला बाहेर, पहिल्या बसमध्ये. तू दुसऱ्या बसमधून आलीस, तोवर मी पट्ट्यावरच्या पिशव्या उतरवून ताटकळत उभा. तुझा चेहरा लालसर झाला होता, डोळे वेगळेच दिसत होते. आणि मी विचारलं ते काय? “किती येळ? लेक बाहेर उभी हाय.” तुझ्या अंगावर कुणाची तरी निळी ओढणी होती, ती कुणाची हेही विचारलं नाही. मला वाटलं, घाबरली असेल, पहिलंच विमान.

पण ते मनात राहिलं. तिथल्या सोळा दिवसांत तू स्वराजला घेऊन बागेत जायचीस, मी गॅलरीतून बघायचो. तुझ्याकडं असं लांबून, कामाशिवाय, मी कधी पाहिलं नव्हतं. बाराव्या दिवशी मी स्वप्नालीला बाजूला घेऊन परतीच्या दोन सीटा शेजारी-शेजारी करायला सांगितल्या. अकरा ए आणि अकरा बी. ए खिडकीची. तुला आधी सांगायचं नव्हतं. विमानात बसल्यावर तुझं तुलाच कळावं, असं मनात होतं. मीही ह्या वयात असलं काही ठरवू शकतो, ह्याची मला स्वतःलाच लाज वाटत होती.

आणि निघायच्या दिवशी, टॅक्सी खाली उभी असताना, तू दारात म्हणालीस, “मी न्हाई येत. तुम्ही जावा.”

मी ‘का’ म्हणून विचारलं नाही. माझ्या तोंडून जे निघालं ते असं: “तिकिटाचं पैसं परत मिळत न्हाईत.” तू खाली बघितलंस. स्वप्नालीनं माझ्याकडं जे पाहिलं ते मी विसरू शकत नाही. मी पिशवी उचलली आणि जिना उतरलो.

पुढचं तुला कुणी सांगितलेलं नाही, कारण मीच कुणाला सांगितलं नाही. विमानतळावर माझ्या खिशात दोघांचेही पास होते. स्वप्नालीनं आदल्या दिवशीच दोघांची हजेरी लावून कागद छापून आणले होते. मी आत जाऊन बसलो. लोक रांगेत लागले, मीही उठलो, पुन्हा बसलो. तेवढ्यात लाऊडस्पीकरवर आवाज आला. आधी हिंदीत, मग इंग्रजीत. “यात्री सरूबाई आनंदराव फडतरे.” सरू, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तुझं नाव घुमलं. मी ते कधी मोठ्यानं उच्चारलेलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. तिथं कुण्या अनोळखी पोरीनं ते तीनदा पुकारलं. मला पहिल्याच वेळी उठून सांगता आलं असतं की ती येणार नाही. मी नाही उठलो. मला ते पुन्हा ऐकायचं होतं. तिसऱ्या वेळी गेलो. ती पोरगी म्हणाली, “अंकल, मॅडम कहाँ हैं?” मी म्हणालो, “वो रह गयीं.” तिनं माझा कागद फाडून अर्धा हातात दिला.

विमानात खिडकीची जागा रिकामी आणि मी मधल्यावर. तिसऱ्या जागेवरचा गृहस्थ भला होता, म्हणाला, “आप उधर सरक जाइए, आराम से बैठेंगे.” मी म्हणालो, “कोई आनेवाला है.” दारं कधीच बंद झाली होती, विमान हळूहळू मागं सरकत होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. पुण्यापर्यंत मी तसाच अंग चोरून बसलो.

घरी आल्यापासून मी एकच गोष्ट घोळवतोय, की सीटचे पैसे वाचवले त्याचा तुला राग आला. पण नुसतं तेवढंच कसं असेल, म्हणून मागचंही आठवत गेलो. तुझे वडील गेले तेव्हा हंगाम ऐन भरात होता, मी तुला न्हावरा फाट्यावर जीपमध्ये बसवून दिलं आणि ड्युटीवर गेलो. तू रडत होतीस आणि मी जीपवाल्याला सांगत होतो, सुट्टे पैसे माघारी दे. काट्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला मी विचारायचो, नाव काय, गाव कुठलं, ऊसतोडीची टोळी कुणाची, पोरं किती. वेळ जायचा. लोक म्हणायचे, फडतरे कारकून माणसाची चौकशी करणारा माणूस आहे. रात्रपाळी करून घरी यायचो, तू पाणी द्यायचीस, मी झोपायचो.

गेल्या सोमवारी पेन्शनच्या कामाला दौंडला गेलो. काम अकराला संपलं. घरी जाऊन करायचं काही नव्हतं, म्हणून स्टेशनात जाऊन बाकड्यावर बसलो. चार-पाच गाड्या गेल्या. शेजारी एक जोडपं डबा उघडून बसलं होतं. बाई सारखी बोलत होती, बाप्या नुसता ‘हं, हं’ करत होता. मला त्याला काहीतरी सांगावंसं वाटलं. पण काय सांगणार? उठलो आणि दुपारच्या एसटीनं घरी आलो.

आता खरं सांगतो. परवा रविवारी स्वप्नालीचा फोन आला, तेव्हा तू बाळाला घेऊन खाली गेली होतीस. मी धीर करून तिला म्हणालो, “मी सीटचं पैसं वाचवलं म्हणून तुझी आई रुसली का गं?” ती म्हणाली, “आप्पा, आई त्या विमानात घाबरली नव्हती. तुम्ही शेजारी नव्हता म्हणून ती रडली असेल, असं वाटतंय का तुम्हाला? ती अडीच तास बोलत होती.” मग तिनं मला त्या पोरीचं सांगितलं. हरलीन, मूळची तिकडचीच, पुण्यात शिकणारी, तुझ्या शेजारच्या सीटवरची. तिनं तुला खिडकीची जागा दिली. थंडी वाजत होती म्हणून ओढणी दिली. नाव विचारलं आणि ‘कितना प्यारा नाम है’ म्हणाली. तू तुझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत तिला विहिरीचं, शाळा सुटल्याचं, काय काय सांगितलंस. आता ती तुला फोन करते, एकदा घरीही येऊन गेली. आणि मी मूर्ख दीड महिना समजत होतो की त्या चोविसाव्या रांगेत तू एकटी होतीस.

मग स्वप्नाली म्हणाली, त्या पोरीनं तुला विचारलं, “आंटी, आपको क्या अच्छा लगता है?” तू आधी म्हणालीस, लेक सुखात आहे, नातू आहे. ती म्हणाली, “वो नहीं आंटी, आपको.” मग तू खिडकीबाहेर बघत तिला सांगितलंस. मी स्वप्नालीला विचारलं, काय सांगितलं? ती म्हणाली, “मलाही आईकडून आत्ताच कळलं. मी नाही सांगणार. तुम्हीच विचारा.” परवापासून मी आठवतोय. तुला गोड आवडतं की तिखट, इथंच माझी गाडी अडली. म्हशीला दाण्यात काय मिसळलेलं आवडतं ते मी सांगू शकतो. तुझं तिकीट मी काढलेलं नाही, काढायलाही सांगितलं नाही. तू कधी यायचं, यायचं की नाही, ते तुझं तू बघ. मला फक्त एक विचारायचं होतं, आणि फोनवर विचारलं असतं तर तू ‘माझं काय, तुम्ही जेवला का’ म्हणाली असतीस. कागदाला तसं म्हणता येत नाही. म्हणून लिहिलं. सावकाश उत्तर दे, पण खरं दे. सरू, तुला काय आवडतं?

तुझाच,
आनंदराव